परकी रेती

नवा गिलावा सुकला का, हे बघायला सुनीती आतल्या बाथरूममध्ये गेली, भिंतीवर हात टेकवला, आणि बाहेर येता येता तिच्या तळहातावर काहीतरी चमकलं. आधी वाटलं, ओल असेल. तिने हात खिडकीशी नेला. तांदळाच्या कणीहून बारीक, सपाट, रुपेरी असे चार-दोन तुकडे तळव्याच्या रेषांत चिकटले होते. एकाला तिने नखाने दाबलं, तर त्याचा आणखी पातळ पापुद्रा सुटून आला. अभ्रक. शब्द मनात यायच्या आधीच तिने हात अंगापासून लांब धरला होता. मग शब्द आला. मग शब्दाच्या मागे दडलेलं बाकी सगळं यायला लागलं, आणि ती कमोडच्या झाकणावर बसली, सिमेंटच्या वासात, हात तसाच उजेडात धरून.

नवी मुंबईच्या जमिनीत पांढरं अभ्रक नसतं. इथला दगड काळा, पातळ होऊन वर आलेला आणि थरावर थर थिजलेला. गच्चीवरून दिसणारी पारसिकची रांग त्याच दगडाची, पलीकडचं माथेरान त्याच दगडाचं, आणि बांधकामांवर येणारी क्रश सँडही तोच दगड भरडून केलेली, करडी, निस्तेज. रुपेरी अभ्रक व्हायला दगड खूप खोल जावा लागतो, तिथे भाजावा लागतो, आणि मग पुन्हा वर यावा लागतो. खोल गेलेले दगड किती वेगाने वर येतात आणि त्यांना वर कोण आणतं, हाच सुनीतीचा सगळ्या नोकरीभरचा अभ्यास होता. सहा वर्षांपूर्वी तो सुटला. सोडला असं ती म्हणत नसे. निवृत्तीला अवकाश असताना एक दिवस ती प्रयोगशाळेत गेली नाही, दुसऱ्या दिवशीही गेली नाही, आणि मग लोकांनीच समजून घेतलं. तेव्हापासून नेरूळ तिला सोयीचं झालं होतं. काळा दगड, खाडीचा काळा चिखल, डोळ्याला खुपेल असं काही चमकत नाही. डेहराडूनच्या मैत्रिणीने किती वेळा बोलावलं, ती गेली नाही. आणि आता ते चमकणारं आपल्या पायाने चालत पाचव्या मजल्यावर आलं होतं.

काम काढलं होतं मुलीसाठी, ईश्वरीसाठी. तिला सातवा संपत आला होता, ती बाळंतपणाला पुण्याहून यायची होती. ज्या खोलीचं हे बाथरूम, ती खोली मुलाची, अभिरामची. तिचं दार नुसतं लोटलेलं असायचं, कडी कधीच नव्हती, पण सहा वर्षांत तिथे कुणी वावरलं नव्हतं. शेवटी नवऱ्यानेच, श्यामसुंदरने, एकदा जेवताना ताटाकडे बघत म्हटलं, "आतलं बाथरूम गळतंय. पोरगी यायच्या आत करून घेऊ." अभिरामची खोली म्हणाला नाही. आतलं बाथरूम म्हणाला. सुनीतीने आमटी वाढली आणि हो म्हटलं. या घरात असंच चालायचं. एक नाव आणि एका खोऱ्याचं नाव, ही दोन नावं सोडून बाकी सगळं बोललं जायचं.

पंढरी दुपारी आला तेव्हा ती दारातच उभी होती. पंढरी सारसोळ्याचा, जवळच्या सगळ्या सोसायट्यांची लहानमोठी बांधकामं घेणारा, गळ्यात सोन्याची जाड साखळी, कानाला सतत फोन.

"पंढरी, त्या खिडकीच्या बाजूच्या भिंतीला रेती कुठली वापरलीत?"

"क्रश सँडच हाय मॅडम, आपली नेहमीची."

"तीन भिंतींना. चौथीला वेगळी आहे."

पंढरीने फोन खिशात टाकला आणि हसला. "तुमाला बरोबर कललां! शेवटी रेती कमी परली, येवऱ्याशासाठी टेम्पो कुठं मागवनार? माजा मेवना विपुल जासईला हाय, कंटेनरच्या यार्डात. तेच्याकरना दोन गोन्या आनल्या. नदीची रेती हाय, धुतलेली. टेन्शन नका घेव, भिंत परनार नाय."

"कुठल्या नदीची?"

"आता नदीला मी काय नाव इचारू, मॅडम?"

"यार्डात रेती कशाला येईल?"

"वरना कसला तरी मोठा चाक आलाय. पानी परून फिरतो ना, लाईट करायचा, तसला. पहारातला, उत्तरेकरचा. तेच्या पेटीत या गोन्या ठासून भरल्या व्हत्या, हालू नये म्हनून. जुनी पेटी तोरली, गोन्या टाकून देत व्हते." तिचा चेहरा बघून तो थांबला. "का मॅडम? काय चुकला का?"

"नाही," सुनीती म्हणाली. "उरली आहे का थोडी?"

गोणीच्या तळाशी ओंजळभर होती. पंढरी गेल्यावर तिने ती स्टीलच्या ताटलीत पसरली, कपाटातून जुनं भिंग काढलं आणि गॅलरीत बसली. वाळूचे पांढरे कण, काळं अभ्रक, पांढरं अभ्रक. आणि मग जे असू नये असं तिला वाटत होतं ते : डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचे गार्नेटचे कण, आणि एक, फक्त एक, निळसर लांबट स्फटिकाची काडी. हे सगळं एकत्र देशात इतरही ठिकाणी मिळतं, तिने स्वतःला बजावलं, एखाद्या विद्यार्थ्याला बजावावं तसं. राजस्थानात मिळतं. आंध्रात मिळतं. पण तिच्या बोटांना ते पटत नव्हतं. तिशी गाठायच्या आत ती पहिल्यांदा उत्तरेतल्या उंच डोंगरांतल्या त्या खोऱ्यात गेली होती. खेचरावर पिशव्या लादून ती आणि तिचे सर नदीकाठाने वर चढत गेले होते, आणि प्रत्येक मुक्कामाला सर एकच वाद काढायचे. डोंगर झिजतो कशाने? सर म्हणायचे, खालून. एक भूखंड दुसऱ्याखाली घुसतोय, डोंगर उचलला जातोय, उंच होतोय म्हणून ढासळतोय. पाऊस काय, निमित्त. सुनीतीला तेव्हा पावसाची बाजू घ्यायला आवडायचं. ती म्हणायची, सर, पाऊस वरचं वजन काढून नेतो, म्हणून तर खालचं हलकं होऊन वर येतं. ढग नसते तर हा डोंगर इतका उंच आणि इतका खोल चिरलेला झालाच नसता. सर शेकोटीत काटकी टाकून म्हणायचे, मग तुझ्या सह्याद्रीचं काय? आंबोलीला इथल्या दुप्पट पाऊस पडतो. तो का नाही असा झिजत? आणि सुनीती ते मान्य करायची, कारण सरांचं बरोबर होतं. सह्याद्रीवर कोट्यवधी वर्षं पाऊस कोसळतोय आणि तो जवळजवळ तसाच उभा आहे, कारण त्याला खालून कुणी ढकलत नाही. नुसत्या पावसाने डोंगर मरत नाही. पण तिने पुढे वर्षानुवर्षं मोजलेल्या दगडांनी सरांनाही पुरतं बरोबर ठरवलं नव्हतं. काही कडे पावसाच्या बाजूने बोलले, काही खालच्या ढकलीच्या, काहींनी आकडे असे दिले की दोन्ही कारणं एकमेकांत विरघळून गेली. सुनीतीला ते आवडायचं. लाखो वर्षांच्या गोष्टीत कुणावर बोट ठेवता येत नाही, यात तिला तेव्हा एक प्रकारचं मोठेपण वाटायचं.

मग तो जुलै आला. अभिराम मित्रांबरोबर तिथे गेला होता, ट्रेकला. आईने जिथे तंबू ठोकले होते ते खोरं बघायचं म्हणून नव्हे; तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. नदीच्या वर, सपाट जागी त्यांचे तंबू होते; वरचा कडा त्यांच्यावर कोसळला आणि सगळं नदीत गेलं. त्याचा मित्र प्रसाद फोन चार्ज करायला वरच्या गावात गेला आणि वाचला. पेपरात आलं ढगफुटी. टीव्हीवर आलं ढगफुटी. भेटायला येणारे सगळे म्हणायचे, काय हो हा पाऊस. आणि सुनीती आतल्या आत ओरडायची : पाऊस नाही, नुसता पाऊस नाही, तो कडा लाखो वर्षं उचलला जात होता, तो पडणारच होता, या वर्षी किंवा शंभर वर्षांनी. आणि दुसरा एक आवाज, तिचाच, म्हणायचा : पण पडला तो पावसाने. गेल्या काही वर्षांत बदललेल्या पावसाने. मग ती परत मोजायला बसायची. मुलगा कशाने गेला याचं उत्तर तिला हवं होतं, आणि जगात ते उत्तर देऊ शकतील अशा थोड्या माणसांपैकी ती एक होती, आणि तिच्याकडे ते नव्हतं.

याहून वाईट एक गोष्ट होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. अभिराम सापडला नव्हता. बाकीच्यांसाठी न सापडणं म्हणजे एक धुकं होतं, तिच्यासाठी नव्हतं. नदी काय करते ते तिला माहीत होतं. जड ते मागे राहतं, वळणावरच्या भरावात गाडलं जातं, हजारो वर्षं. बारीक ते पाण्याबरोबर चालत सुटतं, मैदानात उतरतं, पुरात शेतांवर पसरतं, आणि काही पावसाळ्यांत समुद्राला मिळतं. त्या समुद्राच्या तळाशी अख्खा एक डोंगर बारीक होऊन पडलेला आहे, त्याचे थर तिने स्वतः तपासले होते. स्वयंपाक करताना, लिफ्टची वाट बघताना, बँकेच्या रांगेत, तिचं मन नकळत नदी उतरायला लागायचं. आता कुठपर्यंत. कोणत्या वळणावर. जडात की बारकात. ती स्वतःला आवरायची, आणि थोड्या वेळाने मन पुन्हा तिथेच असायचं, एखादं वळण आणखी खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामसुंदर ज्येष्ठ नागरिकांच्या योगवर्गाला गेला आणि सुनीतीने जासईसाठी रिक्षा केली. उलव्याच्या पुढे रस्ता ट्रेलरच्या रांगेत अडकला. दोन्ही बाजूंना कंटेनरचे मजले, निळे, तांबडे, गंजलेले. मधे एखादं जुनं घर, अंगणात वाळत घातलेले बोंबील, आणि त्यांच्या मागे कापून उभी चिरलेली टेकडी. पूर्वी असं काही दिसलं की ती थर वाचायची. आता तिने ओढणी नाकावर धरली. यार्डाच्या गेटवर विपुल वाट बघत होता, पंढरीने फोन केला होता. पिवळं हेल्मेट तिच्या हातात देत तो म्हणाला, "म्याडम, फोटो नका काढू हां, साहेब बोंबलतील. नुसतं बघा."

ताडपत्री त्याने एका बाजूने वर केली. आत जलविद्युत केंद्राच्या टर्बाइनचं पोलादी चाक आडवं ठेवलेलं होतं, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं, आणि त्याच्या पोटात गोल वळलेली पाती, एकामागे एक. पात्यांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. काही ठिकाणी पोलाद कागदासारखं पातळ होऊन आरपार भोकं पडली होती, भोकांच्या कडा चाटून गुळगुळीत केल्यासारख्या. आणि उरलेल्या पृष्ठभागावर सगळीकडे लहान लहान खळगे होते, एकाला लागून एक, लाटांसारखे. ते खळगे सुनीतीला ओळखीचे होते. त्या नदीच्या काठच्या प्रत्येक मोठ्या खडकावर ते होते. तिने त्यांत बोटं घातली होती, मापं घेतली होती, एका खळग्यात पाणी साठलेलं बघून सरांनी त्यात दाढी केली होती. नदी दगडाला जे करते तेच तिने पोलादाला केलं होतं. फक्त तिथे युगं लागली, इथे नाही.

"किती वर्षं फिरलं हे?"

"सात-आठ म्हणतात. मधे दोनदा तिथंच वेल्डिंग मारून चालवलं. आता नाय जमणार, म्हणून बाहेरदेशी चाललंय, कोटिंग करायला. मग परत तिथंच बसवणार." विपुल हळूच हसला. "कायच्या काय पाणी असेल ना म्याडम? लोखंड खातंय."

"पाणी नाही," ती म्हणाली. "रेती."

जुन्या पेटीच्या फळ्या बाजूला ढीग करून ठेवल्या होत्या. एका फळीवर काळ्या रंगाने, हिंदीत, पाठवणाऱ्याचा पत्ता होता. तिने तो वाचला. खोऱ्याचं नाव होतं. त्याच्या खाली गावाचं नाव, आणि ते गाव त्या सपाट जागेच्या खालच्या अंगाला होतं, नदीने दोन वळणं घेतल्यावर. म्हणजे सात-आठ वर्षं, आणि त्यात तो जुलै, वरून जे जे आलं त्यातलं बारीक या पात्यांमधून गेलं होतं. जड वर जाळीला अडलं, गाळ बसायच्या कुंडात राहिलं. बारीक इथून. सुनीतीने चाकाच्या कडेला हात लावला. पोलाद उन्हाने तापलं होतं. तिच्या कानात एक बारीक, एकसुरी आवाज सुरू झाला, आणि तो यार्डातल्या क्रेनचा नाही हे तिला कळत होतं. "म्याडम, पाणी देऊ?" विपुल विचारत होता. तिने नको म्हणून मान हलवली आणि ती गेटकडे चालायला लागली, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून. विपुल मागे धावत आला तेव्हा तिला ते कळलं.

घरी आल्यावर तिने श्यामसुंदरला सांगितलं, "ती खिडकीची भिंत फोडायला हवी."

"का? ओल आली?"

"रेती चांगली नाही."

तो उठून बाथरूममध्ये गेला, भिंतीवर टिचक्या मारून आला. "ठणठणीत आहे. तीन दिवसांनी पोरगी येतेय, सुनीती. आता कसली फोडाफोड? धूळ होईल घरभर."

"मला ती भिंत नको आहे तिथे. बाळाला तिथे आंघोळ घालणार आपण."

"मग?"

सांगायचं तर खोऱ्याचं नाव घ्यावं लागलं असतं. ती म्हणाली, "तुला नाही कळणार," आणि श्यामसुंदरचा चेहरा बंद झाला. बँकेत असताना काउंटरची काच तो खाली ओढत असेल तसा. तेव्हाही असंच झालं होतं. तो तिकडे जायला निघाला होता आणि ती म्हणाली होती, जाऊन काय करणार, तिथे काही मिळणार नाही, मला माहीत आहे. तो तरी गेला, प्रसादला बरोबर घेऊन. आठवड्याने परत आला, बूट बाहेर काढले, आंघोळ केली, आणि काय बघितलं ते बोलला नाही. तिनेही विचारलं नाही. तिला वाटायचं, तिथे काय असेल ते तिला त्याच्याहून जास्त माहीत आहे. आणि त्याला काय वाटायचं, ते तिला कधी कळलं नाही.

मधले दोन दिवस ती त्या खोलीपाशी जाईना. दुपारी घर शांत झालं की तिला वाटायचं आतून काहीतरी घासल्याचा आवाज येतोय, अगदी हळू, वाळूवरून वाळू ओढल्यासारखा. ती टीव्ही लावायची. टीव्ही बंद केला की तो असायचाच. एकदा ती उठून गेली आणि भिंतीला कान लावून उभी राहिली. गार होती भिंत. आवाज तिच्या स्वतःच्या रक्ताचा होता, शिंपल्यात समुद्र ऐकू येतो तसा, हे तिला माहीत होतं. माहीत असण्याचा आजवर तिला कधी उपयोग झाला नव्हता. समजा फोडली भिंत, तिच्या मनात आलं, तर ते डबर कुठे टाकणार? पंढरी ते गोणीत भरेल, टेम्पोत टाकेल, कुठल्या तरी खड्ड्यात ओतेल. मग मन त्याच्याही मागे चालत राहील.

ईश्वरी आली ती पाय सुजवून, दमून, हसत. आल्या आल्या त्या खोलीत गेली, पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "आई, इकडे किती छान वारा येतो गं. दादा कसा मला येऊ द्यायचा नाही इथे!" सुनीती दारात थबकली. हॉलमध्ये श्यामसुंदरचा पेपर वाजायचा थांबला. ईश्वरीने दोघांच्या न बोलण्याकडे लक्ष दिलं नाही, की मुद्दाम दिलं नाही. संध्याकाळी ती नव्या बाथरूममध्ये तोंड धुऊन आली आणि टॉवेलने हात पुसत विचारलं, "बाबा म्हणतात तुला भिंत फोडायचीय. काय झालंय?"

आणि सुनीतीने सांगितलं. पलंगाच्या कडेला बसून, मुलीच्या सुजलेल्या पायांना तेल लावत. चाक, गोण्या, फळीवरचं नाव. जड आणि बारीक. सहा वर्षं मन कसं नदी उतरतंय ते. सांगताना तिचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा सपाट होता, तिला तेवढाच जमत होता. शेवटी ईश्वरीने पाय ओढून घेतले आणि ती पोटावर हात ठेवून बसली.

"म्हणजे तू रोज हे करत होतीस? एकटी?"

"रोज असं नाही."

"आई."

"हो. रोज."

ईश्वरीचे डोळे भरले, पण आवाज ठाम होता. "भिंत राहू दे. मला नाही भीती वाटत तिची. तुला वाटत असेल तर मी आंघोळ करेन तेव्हा तू बाहेर बस. पण फोडू नकोस." मग थोडं थांबून म्हणाली, "बाबांना सांगितलंस?"

दार लोटलेलं होतं. बाहेर, पॅसेजमध्ये, श्यामसुंदर पाण्याची बाटली घेऊन उभा होता. तो केव्हापासून उभा होता कोण जाणे. त्याने बाटली पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली, झाकण नीट बसलंय का बघितलं आणि विचारलं, "कुठे आहे ते चाक?"

सकाळी त्याने गाडी काढली. यार्डात विपुल म्हणाला, बरं झालं आत्ता आलात, नवी पेटी तयार आहे, दुपारनंतर काही दिसलं नसतं. ताडपत्री पूर्ण काढलेली होती. क्रेनचे पट्टे चाकाभोवती सैल पडले होते आणि कामगार चहाला गेले होते. श्यामसुंदर चाकाभोवती एक फेरी मारून आला. वाकून पात्यांच्या आत बघितलं. मग शर्टाची बाही वर केली आणि एका भोकातून हात आत घातला, कोपरापर्यंत. पलीकडून त्याची बोटं बाहेर आली. ती बोटं सुनीतीला दिसत होती, म्हातारी, अंगठी सैल झालेली.

"ही एवढी रेती कशाने होते?" त्याने विचारलं. "पावसाने, की तुझे सर म्हणायचे ते, खालून?"

इतक्या वर्षांत त्याने तिला तिच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. तिच्याकडे त्यावर तासभर बोलता येईल एवढं होतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही, श्याम. खरंच माहीत नाही."

त्याने मान डोलावली. हात बाहेर काढला, पण बाही खाली केली नाही.

"अभिरामची ती जागा," तो म्हणाला, आणि ते नाव इतकं साधं, रोजचं असल्यासारखं त्याच्या तोंडून आलं की सुनीतीला क्षणभर कळलंच नाही काय झालं. "प्रसाद मला तिथे घेऊन गेला. मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर असेल. दगड, चिखल, मोडलेली झाडं. ते होतं सगळं, खाली. पण तिथे नुसती रेती होती. पांढरी. सपाट, कुणी हाताने सारवल्यासारखी. आणि चमकत होती. सुनीती, फार सुंदर होतं ते. मी बसलो तिथे. प्रसाद गावात कुणाशी तरी बोलायला गेला. मी बसलो आणि मला झोप लागली."

सुनीती चाकाला टेकून उभी राहिली.

"अभिराम गेल्यापासून मी झोपलो नव्हतो. तिथे झोपलो. गाढ. लहान मुलासारखा. प्रसादने हलवून उठवलं तेव्हा गालाला सगळी रेती चिकटलेली. घरी येऊन तुला हे काय सांगू? मुलगा गेला त्या जागी मला छान झोप लागली, असं सांगू? तू म्हणाली होतीस तिथे काही नाही. मला वाटलं, बरोबर आहे, काही नाही. पण मला तिथून उठवत नव्हतं गं."

चहाला गेलेले कामगार परतत होते. त्यांच्यातला एक लांबूनच हात हलवून बाजूला व्हा म्हणत होता. विपुलने त्याला थांबायची खूण केली. सुनीतीच्या डोळ्यांसमोर तो नकाशा होता, ज्याची प्रत्येक घळ तिला पाठ होती : तो कडा, ती सपाट जागा, रेतीत काय काय असतं ते. आणि त्या नकाशावर कधीच नसलेला एक माणूस, अंगाचं मुटकुळं करून, उन्हात झोपलेला. तिने पुढे होऊन त्याच्या उघड्या हातावर हात ठेवला. पात्याच्या आतली काळपट पूड त्याला लागली होती.

"गरम होती का रे?" तिने विचारलं. "रेती?"

श्यामसुंदरने आठवून बघितलं.

"वरून गरम," तो म्हणाला. "जरा हात आत घातला की गार. आणि ओली."